सांजघास

एका राज्यात, जिथं नद्या उत्तरेकडून येत आणि जादूगार दक्षिणेकडून, मंदारसेन नावाचा राजा होता. त्याची राणी शैलवती आणि त्यांची एकुलती एक लेक उर्मिका. त्या राज्यात एक रीत होती. दिवेलागणीला घरातल्या मोठ्या माणसानं आपल्या हातानं भात कालवायचा, पहिला घास घरातल्या लेकराला भरवायचा, आणि मगच बाकीच्यांनी पानावर बसायचं. त्याला सांजघास म्हणत. कुंभार असो की कोतवाल, सांजघास कुणी चुकवत नसे. राजवाड्यातही तो चुकत नसे. ताट सोन्याचं असलं तरी भात कालवायला पाच बोटंच लागतात, आणि मंदारसेनाचा हात त्यात चांगला होता. तूप किती, मीठ किती, हे त्याला कुणाला विचारावं लागत नसे.

मग सीमेवर तंटा उठला आणि राजा सैन्य घेऊन गेला. तिकडे तंटा मिटला, इकडे राणीला ताप भरला. सांडणीस्वार निरोप घेऊन धावला, निरोप ऐकताच राजा निघाला, घोड्याच्या तोंडाला फेस आला. पण तो वेशीत पोचला तेव्हा चितेची राख थंड झाली होती. अखेरच्या वेळी वैद्य काढा उकळायला गेला होता, दासी पाणी आणायला गेल्या होत्या. परत येऊन पाहतात तो राणीचा श्वास थांबलेला. "शेवटी ती काय बोलली? कुणी काही ऐकलं का?" राजानं विचारलं. वैद्याला विचारलं, दासींना विचारलं, प्रधान सुबंधूला विचारलं. सगळ्या मोठ्या माणसांना विचारलं. कुणी काही ऐकलं नव्हतं.

राजाच्या डोळ्यांतून मात्र टिपूस निघालं नाही. दुःख एवढं मोठं होतं की ते दारातून आत येईना. पण राजा जरा कुठं स्वस्थ बसला, की ते बाहेरून दार ठोठावी. म्हणून त्यानं बसणंच सोडलं. तो फेऱ्या मारी, तबेल्यात जाई, शस्त्रं मोजून घेई, पुन्हा मोजून घेई. आणि एके दिवशी भर दरबारात तो म्हणाला, "जो मला एकही रिकामा क्षण उरू देणार नाही, त्याला मी मागेल ते देईन."

असली वाक्यं राजांनी मोठ्यानं बोलू नयेत. दक्षिणेकडून मायावी धूम्रकेश आला. त्याच्या जटांमधून धूर निघत होता, आणि त्याच्या मागे सामानानं लादलेले उंट होते.

"राजा, हा माझा खजिना," तो म्हणाला. "यातल्या प्रत्येक वस्तूची सेवा तू आपल्या हातानं करायची. दासाच्या हातानं चालणार नाही. रिकामा क्षण उरणार नाही, हा माझा शब्द."

"मोबदला काय?"

"तो माझा मी घेईन. नकोसा झाला, तर काळकड्यावर माझ्या दारात परत आणून टाक. एवढं मात्र सांगून ठेवतो, खजिना घ्यायला सगळे येतात, परत करायला फार थोडे."

राजानं विचार केला नाही. विचार करायला रिकामा क्षण लागतो, आणि तोच तर त्याला नको होता.

खजिना अद्भुत होता, यात वाद नाही. सोन्याचा मोर होता. त्याला पहाटे राजानं स्वतः मोती भरवले नाहीत, तर तो असा केकाटे की गावभरचं दूध नासे. चांदीचं झाड होतं. त्याचं पान न् पान पुसावं लागे, आणि न पुसलेलं पान गळून पडे त्या जागी दुसरं झाड उगवे. दगडाचा हत्ती होता. त्याला रोज राज्याची सगळी खबर सांगावी लागे, आणि त्याला कमी ऐकू येई. शिवाय नीट सेवा झालेल्या वस्तूला पिल्लं होत. मोराच्या शेजारी मोर आला, हत्तीच्या पायाशी हत्ती. राजाला मान वर करायला फुरसत उरली नाही. दरबारी एकमेकांना म्हणत, "काय हो कष्ट करतात आपले महाराज!" न्यायसभेचं दार बंद होतं, बांधाच्या भांडणात माणसं डोकी फोडून घेत होती, आणि दरबारी राजाच्या कष्टांचं कौतुक करत होते.

या सगळ्या खजिन्यात राजाचा जीव मात्र एकाच गोष्टीत गुंतला होता. ती एक साळुंकी होती, चंदनी पिंजऱ्यातली. रोज दिवेलागणीला ती एकच वाक्य बोले, आणि ते राणी शैलवतीच्या आवाजात बोले. राणी आयुष्यात खरंच जे बोलली होती, तेच. नवं काही नाही. लग्नाच्या मांडवातून तिनं सुरुवात केली आणि क्रमानं एकेक वाक्य ती पुढे सरकत होती. अट एवढीच होती की त्या वेळी पिंजरा राजानं दोन्ही हातांत धरून बसायचं. हात सुटला की साळुंकीची वाचा कायमची जायची.

"हार जरा खाली करा, माझा हात पोचत नाही," साळुंकी पहिल्या सांजेला म्हणाली, आणि राजाच्या अंगावर काटा आला.

मग एका सांजेला, "उन्हातून आलात, लगेच पाणी पिऊ नका." एका सांजेला, "पोरीचं नाक तुमच्यावर गेलंय, काय करणार आता!" राजा ते वाक्य दुसऱ्या सांजेपर्यंत मनात घोळवत राही. मोराला मोती भरवताना घोळवी, झाडाची पानं पुसताना घोळवी. त्याला ठाऊक होतं की असंच सरकत सरकत साळुंकी एक दिवस त्या शेवटच्या वाक्यापाशी येईल. त्या वाक्यासाठीच तो जगत होता.

पण दिवेलागणीची वेळ एकच असते. दोन्ही हात पिंजऱ्याला लागले, तेव्हा भात कोण कालवणार? राजवाड्यातला सांजघास मथुरादाईकडे गेला. दाई मायेची होती. तिनं उर्मिकेला आणि उर्मिकेच्या आईलाही खेळवलं होतं. ती घास भरवी, उर्मिका गिळी. मग उर्मिका हातात एक वाटी घेऊन बापाच्या दालनाच्या दारात येऊन उभी राही.

"बाबा."

"आत्ता नाही गं. थांब जरा."

ती थांबे. वाटीतलं निवून जाई. मग दाई येऊन तिला घेऊन जाई. दुसऱ्या सांजेला ती पुन्हा येई.

एका सकाळी मथुरादाई राजापाशी आली. राजा झाडाची पानं पुसत होता. "महाराज, राजकन्या ओल्या मातीतून चालत गेली, पण पाऊल उमटलं नाही."

"माती कोरडी असेल," राजा म्हणाला.

काही दिवसांनी ती पुन्हा आली. राजा हत्तीच्या कानात ओरडत होता. "महाराज, राजकन्या उन्हात उभी आहे, पण सावली पडत नाही."

"उद्या बघू," राजा म्हणाला.

तिसऱ्या खेपेला दाईनं काही सांगितलं नाही. ती उर्मिकेला आपल्या पदराच्या टोकाला बांधून घेऊन आली. खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली, तशी पोर जमिनीवरून उचलली गेली आणि पदर ताणला गेला. राजानं हातातलं फडकं टाकून तिला धरलं. वाळलेल्या पानाला असावं तेवढं तिचं वजन होतं. तिच्या तळहातातून पलीकडची भिंत दिसत होती.

"हे कधीपासून?" राजानं विचारलं.

"तुम्ही पाहिलं नाहीत तेव्हापासून, महाराज," दाई म्हणाली, आणि एवढं बोलून तिला हुंदका आवरेना.

प्रधान सुबंधू म्हातारा होता आणि राजाला घाबरत नव्हता. तो म्हणाला, "हे औषधाचं दुखणं नव्हे. मायाव्यानं आपला मोबदला घेतला आहे. पोर आणखी थोडे दिवस टिकेल, मग हवेत मिसळून जाईल. खजिना परत करा, महाराज."

राजानं लेकीला छातीशी धरलं, आणि ती छातीशी आहे हे त्याला डोळ्यांनी पाहूनच कळत होतं, इतकी ती हलकी होती. त्यानं उंट लादायला सांगितले, लेकीसाठी पालखी मागवली, आणि दाई व सुबंधूला सोबत घेऊन तो निघाला.

काळकड्याची वाट सरोवरावरून जाते. तिथं एक राजहंस राहत असे आणि त्याच्या परवानगीवाचून कुणाला पलीकडे जाता येत नसे. हंस उंटांच्या रांगेकडे पाहून म्हणाला, "राजा, यातलं काय बुडालं तर तुझ्या राज्यातली चूल विझेल? तेवढं ठेव. बाकीचं पाण्यात सोड."

"खजिना मला मायाव्याच्या दारात टाकायचा आहे."

"हे सरोवर त्याचंच आहे. इथूनच त्याचं दार सुरू होतं."

राजानं सोन्याचा मोर उचलला. मोरानं मोठा टाहो फोडला. "हा रडतो आहे," तो म्हणाला.

"रडू दे. रडतं ते सगळंच तुझं लेकरू नसतं. तुझं लेकरू तर गप्प बसलं आहे."

राजानं पालखीकडे पाहिलं. उर्मिका खरंच गप्प बसली होती. दाईनं तिला पदरानं पालखीच्या दांडीला बांधलं होतं. राजानं मोर पाण्यात सोडला. मग दुसरा मोर, मग तिसरा. झाडं सोडली, हत्ती ढकलले. सगळा खजिना आक्रोश करत बुडाला. राजा कानांवर हात न ठेवता उभा राहिला, आणि शेवटचा बुडबुडा फुटल्यावर इतकं शांत झालं की त्याला दाईचा श्वास ऐकू आला. पाठीमागे राज्यात कुणाचंही दूध नासलं नाही.

"काय उरलं?" हंसानं विचारलं.

राजानं बोटातली राजमुद्रा दाखवली.

"ती राहू दे. तिच्यावाचून न्याय होत नाही, आणि न्यायावाचून चूल पेटत नाही. आणि तो पिंजरा?"

"तो नाही," राजा म्हणाला.

"बरं," हंस म्हणाला, आणि त्यानं वाट दिली.

पुढे खिंड लागली. खिंडीच्या तोंडाशी दगडी द्वारपाल होता. तो बोलू लागला की त्याच्या ओठांतून माती झडे. "इथून एकच माणूस जाईल, आणि दोन हातांत मावेल तेवढंच नेईल."

राजापाशी स्वतःचं अजून बरंच होतं. पूर्वजांची तलवार होती, तिच्याशिवाय राजा कसला? ती त्यानं सुबंधूच्या हातात दिली. राणीचा लग्नातला शालू होता. तो त्यानं कुणाला न सांगता पालखीच्या गादीखाली आणला होता. त्याला अजून तिच्या केसांचा वास होता. राजानं तो तोंडाशी धरला, घडी घातली, आणि मथुरादाईच्या ओंजळीत ठेवला. दाईनं केळीच्या पानात भाताची शिदोरी बांधली होती. ती तिनं राजाच्या कमरेच्या शेल्यात खोचली आणि म्हणाली, "कालवायला विसरला नसाल ना, महाराज?" एका हातात लेक, दुसऱ्या हातात पिंजरा घेऊन तो खिंडीत शिरला.

खिंड लांब होती. वाऱ्यानं पोर उडून जाऊ नये म्हणून राजा तिला घट्ट धरी, आणि कड्याला आपटू नये म्हणून पिंजरा जपे. स्वतःचे कोपर मात्र त्यानं सोलून घेतले. कडा चढून तो वर पोचला तेव्हा सूर्य टेकला होता. धूम्रकेश आपल्या गुहेच्या दारात बसला होता. त्याच्या जटांचा धूर आभाळात जात होता.

"आलास," तो म्हणाला. "फार थोडे येतात."

"माझी लेक परत दे."

"मी नेली नाही. मी फक्त तुझे क्षण भरले. त्यांतले काही तिचे होते." धूम्रकेशाच्या आवाजात राग नव्हता, दयाही नव्हती. "शाप उतरायला मंत्र लागत नाही, राजा. आज दिवेलागणीला तिला तुझ्या हातचा सांजघास भरव, ती राहील. आज चुकला, तर उद्या भरवायला कुणी नसेल."

राजा लेकीला मांडीवर घेऊन खडकावर बसला आणि एका हातानं घाईघाईनं शेला सोडला. तेवढ्यात धूम्रकेश म्हणाला, "ऐकून ठेव. साळुंकीपाशी आता एकच वाक्य उरलं आहे. राणीचं शेवटचं. तेही ती आजच्याच दिवेलागणीला बोलेल. पिंजरा दोन्ही हातांत असेल तर."

राजा जागच्या जागी थिजला. सूर्याची नुसती कड उरली होती. साळुंकी पिंजऱ्यात सावरून बसली, तिनं मान वाकडी केली. राणीही काही बोलण्याआधी अशीच मान वाकडी करी.

"एकच क्षण," राजा म्हणाला. "आधी ऐकतो, मग भरवतो. एका वाक्याला किती वेळ लागतो!"

"आत्ता नाही गं, थांब जरा," धूम्रकेश म्हणाला. तो राजाच्याच आवाजात बोलला.

राजानं मांडीवरच्या लेकीकडे पाहिलं. तिच्या आरपार खालचा खडक दिसत होता, खडकातली मुंगी दिसत होती. तिचे डोळे तेवढे स्पष्ट होते. ती काही मागत नव्हती. मागायचं तिनं कधीच सोडलं होतं, हे राजाला त्या वेळी कळलं.

"शैलवती, मला क्षमा कर," तो म्हणाला. त्यानं पिंजऱ्याचं दार उघडलं आणि पिंजरा खाली ठेवला.

त्यानं वळून पाहिलं नाही. केळीचं पान उघडलं, भात कालवला. बोटं अवघडली होती, पण विसरली नव्हती. पाठीमागे पंख फडफडले. साळुंकीनं चोच उघडली असावी. पण आवाज आला तो साध्या पाखराचा, किर्रर करून, कुठल्याही झाडावर ऐकू येतो तसा. मग तोही दूर गेला. राजाचा घास उर्मिकेच्या ओठांशी पोचला, तेव्हा सूर्य बुडाला.

तिनं घास घेतला. सावकाश चावला, गिळला. आणि राजाची मांडी दुखायला लागली. पोर जड होत होती. गालांवर रंग आला, तळहात भरले, खालचा खडक दिसेनासा झाला. राजाच्या पायाला मुंग्या आल्या, पण तो हलला नाही. त्यानं मान वर केली तो धूम्रकेश तिथं नव्हता, गुहाही नव्हती; साधा डोंगर होता आणि वर पहिली चांदणी होती.

"बाबा," उर्मिका म्हणाली. किती दिवसांनी तिचा आवाज त्याच्या कानांवर नीट पडला! "ती साळुंकी उडून गेली."

"जाऊ दे, बाळा."

"ती आईसारखी बोलायची ना? मी दारातून ऐकायचे."

"हो. आज ती तुझ्या आईचं शेवटचं बोलणं सांगणार होती." राजानं रिकाम्या पिंजऱ्याकडे पाहिलं. "ते आता कुणालाच ठाऊक नाही."

उर्मिकेनं बापाकडे नवलानं पाहिलं. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी होते ना तिथं. पलंगाखाली खेळत होते. आईनं मला वर बोलावलं."

राजा पुढे वाकला.

"आई म्हणाली, बाबा आले की त्यांना आधी एक घास तू भरव. दुःख झालं की ते नुसतं पाणी पिऊन उठतात. तू भरवलास की नाही म्हणायचे नाहीत." तिनं केळीच्या पानातला भात आपल्या इवल्या बोटांनी गोळा केला. "म्हणून मी रोज वाटीत घास आणायचे. तुमचे हात रिकामे नसायचे, तोंडही तिकडे असायचं. मग दाई म्हणायची, उद्या."

इतके दिवस बाहेर उभं राहिलेलं दुःख त्या क्षणी दार लोटून आत आलं. मंदारसेन राजा लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून रडला, मोठ्यानं रडला. उर्मिकेनं त्याला रडू दिलं. हातातला घास मात्र तिनं खाली ठेवला नाही.

मग राजा राज्यात परतला. न्यायसभेचं दार उघडलं, बांधांची भांडणं मिटली. सकाळ राज्याची, सांज लेकीची, एवढंच त्यानं आपल्याकडे ठेवलं; बाकीचं ज्याचं त्याला वाटून दिलं. कुणी नवलाची वस्तू घेऊन आला, तर तो पाहून म्हणे, "सुंदर आहे," आणि वेशीपर्यंत त्याला सोडायला माणूस देई. रिकामे क्षण त्याला अजूनही मिळत. त्यांत राणी आठवे, आणि त्याचे डोळे भरून येत. तो आता उठून जात नसे.

आजही त्या राज्यात दिवेलागणीला कुणी हातात काही धरत नाही. आधी मोठ्यांनी लेकराला घास भरवायचा आणि मग लेकरानं मोठ्यांना, ही रीत उर्मिकेपासून पडली. पण त्या पहिल्या सांजेला, काळकड्यावर, ती कुणाला ठाऊक नव्हती. तिथं नुसती एक पोर हात पुढे करून बसली होती. घास वेडावाकडा होता, मीठ कमी होतं.

"आ करा, बाबा," ती म्हणाली.

राजानं आ केला.